मुठीवरचा फेब्रुवारी बुजलाय का, ते आधी बघ

पत्र (लांब होतं, थोडं कापलंय):

ताई, मी सांगलीत राहते, वय ३४. घरूनच पोळीभाजी केंद्र चालवते, रोजच्या दोनशे-सव्वादोनशे पोळ्या होतात, मदतीला एक बाई आहे. मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा. साधारण तीन महिन्यांपासून सकाळी उठलं की बोटं वळतच नाहीत, मूठच होत नाही, कणीक मळायला घेतली की रडू येतं. आठ-साडेआठपर्यंत हळूहळू सुटतात आणि दुपारी तर मी ठणठणीत असते, त्यामुळे घरच्यांना वाटतं हिला सकाळचं काम टाळायचंय. दोन्ही मनगटं सुजल्यासारखी वाटतात, लग्नातली अंगठी बोटात अडकून बसलीय, पलंगावरून पाय खाली टाकला की चवड्यांना खडे टोचल्यासारखं होतं. दुपारी तीननंतर अशी गळून जाते की बसल्या जागी झोप लागते. वजन चार किलो कमी झालंय, त्याचं मात्र सगळे कौतुक करतात! आमच्या डॉक्टरांनी पेनकिलर दिली, पाच दिवस बरं, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. एक्स-रे नॉर्मल, युरिक ॲसिड नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह. ते म्हणाले काही नाही, कामाचा ताण आहे. सासूबाई म्हणतात बाळंतपणात कानाला बांधलं नाहीस, वारं शिरलं. शेजारच्या काकूंनी एका बाबाकडची पुडी आणून दिली, दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, पण मला भीती वाटली म्हणून चार पुड्यांवर थांबले. संधिवात तर म्हाताऱ्यांना होतो ना? मी खरंच नाटक करतेय का?
— अनामिका, सांगली

अनामिका,

नाव लपवायला नेमकं अनामिका घेतलंस आणि अंगठीही त्याच बोटात अडकलीय, वाचताना हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण माझी पण अशीच अडकली होती आणि मी ‘जाड झाले असेन’ म्हणून सोडून दिलं होतं. ते पुढे सांगते. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाटक करणाऱ्या माणसाला इतकं बारीक लिहिता येत नाही गं, चवड्याला खडे टोचतात हे कुणी कल्पनेने लिहीत नाही. तुला नेमकं काय झालंय हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पंधरा वर्षं ऱ्हुमॅटॉइडची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, थोडक्यात आरए, सांधे सुजवणारा संधिवात) पेशंट आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण तुझं हे पत्र एखाद्या संधिवाततज्ज्ञाच्या टेबलावर ठेवलं तर तो चष्मा सारखा करून परत एकदा वाचेल, हे छातीठोकपणे सांगते. येत्या आठ-दहा दिवसांत तुला त्या टेबलापर्यंत पोचायचंय, आणि जाताना नुसतं ‘दुखतं हो डॉक्टर’ एवढंच घेऊन जायचं नाही.

उद्या सकाळी उठल्या उठल्या, गरम पाण्यात हात घालायच्या आधी, एक कर. शाळेत मुठीवर महिने मोजायला शिकवायचे आठवतंय ना, पहिला उंचवटा जानेवारी ३१, मग खळगा फेब्रुवारी, परत उंचवटा मार्च ३१, असं. दोन्ही मुठी वळ, जेवढ्या वळतील तेवढ्या, आणि महिने मोज. चांगल्या हातावर डोंगर आणि दऱ्या स्पष्ट दिसतात. त्या सांध्यांना आतून सूज आली की दऱ्या भरून येतात, फेब्रुवारी बुजतो, एप्रिल बुजतो, सगळं सपाट, फुगीर दिसतं. नवऱ्याची मूठ शेजारी धर म्हणजे फरक कळेल (आणि त्यालाही कळेल, हा त्यातला दुसरा फायदा). मोबाईलवर फोटो काढ, दोन्ही मुठी एकत्र, शक्यतो भिंतीवरचं घड्याळ मागे दिसेल असा.

मग सुजलेला सांधा दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपून बघ. हाडासारखा टणक लागतो का तिंबलेल्या कणकेसारखा मऊ दबतो? तुला कणकेचं काय सांगायचं म्हणा. टणक गाठ असेल आणि ती नखाजवळच्या शेवटच्या पेरावर असेल तर ते बहुतेकदा झिजेचं लक्षण, सासूबाईंच्या बोटांवर अशा गाठी असतील तर बघून ठेव. ऱ्हुमॅटॉइड सहसा ते शेवटचं पेर सोडून देतो आणि बोटाच्या बुडाचे सांधे, मधले सांधे, मनगट आणि पायाचे चवडे धरतो, आणि तिथली सूज मऊ असते, दाबली की दबते, दुखते.

अजून एक, ते तर आपल्या कासारणीलाच विचारायला पाहिजे. बांगड्या भरताना ती काय करते, अंगठा तळव्यात दुमडते आणि हाताचा रुंद भाग दोन्ही बाजूंनी आवळते. संधिवाताचे डॉक्टर नेमकं तेच करतात, बोटांच्या बुडाचे चारही सांधे आडवे धरून हलकेच दाबतात, आणि पायाचे चवडे पण तसेच. धडधाकट माणसाला काही वाटत नाही, सूज असलेल्याचा जीव जातो. या वर्षात बांगड्या भरायला गेली होतीस का? मला माझी संक्रांत आठवते, दोन-चारची बांगडी मला नेहमी सर्रकन जायची, त्या वर्षी कासारीण म्हणाली बाई हात जड झालाय तुमचा, दोन-सहाची घ्या, आणि तिने नुसता हात आवळला तर मी दुकानात सगळ्यांसमोर ओरडले. तिला निदान झालं होतं म्हणायचं, आम्हा कुणाला झालं नव्हतं.

आता घड्याळाचं. माझ्या मते सगळ्या गोष्टीत हेच मोठं आहे आणि हेच कुणी विचारत नाही. तू लिहिलंयस आठ-साडेआठपर्यंत सुटतात, पण उठतेस कधी ते लिहिलं नाहीस, पोळीभाजीवाली म्हणजे पाचला उठत असणार असं मी धरते, म्हणजे तीन-साडेतीन तास झाले की! सकाळी आखडणं सगळ्यांनाच असतं, आमच्या खालचे आजोबा पण गुडघे धरून उठतात, पण जिन्यापर्यंत एक चक्कर मारली की त्यांचे गुडघे सुटतात, पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास. ती झीज. वापरलं की दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. ह्या आजाराचं उलटं आहे, रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी सगळ्यात वाईट अवस्था, आणि हालचाल करत गेलं, गरम पाणी लागलं की हळूहळू मोकळं होतं, त्याला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो, बऱ्याचदा तासाच्याही वर. सांध्याच्या आत एक अस्तर असतं, ब्लाऊजला आतून लावतो ना तसं पातळ, त्याच्यावर आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा उलटते, मग ते अस्तर सुजून जाड होतं, आत पाणी धरतं. सूज वाढवणारी रसायनं पहाटेच्या सुमाराला जास्त असतात, त्यात झोपेत सांधा हललेला नसतो म्हणून सगळं तिथंच साचून राहतं. म्हणून पहाटे पाचची अनामिका आणि दुपारी एकची अनामिका या दोन वेगळ्या बायका वाटतात. घरच्यांना दुपारची दिसते. आणि डॉक्टरकडे तू बहुतेक संध्याकाळी, डबे पोचवून, मुलांचं आवरून गेली असणार, त्यांनाही तीच दिसली.

‘कामाचा ताण’ हे अगदीच उगाच म्हटलेलं नाही, लाटणं धरणाऱ्या बायकांची मनगटं दुखतात, अंगठ्याचं बूड दुखतं. पण ते दुखणं लाटणाऱ्या हाताला जास्त असतं, संध्याकाळी जास्त असतं, आणि दोन दिवस सुट्टी घेतली की उतरतं. तुझे दोन्ही हात आहेत, आणि वर चवडे. पोळ्या पायाने लाटत नाहीस ना?

दोन्ही बाजूंना सारखं दुखणं ही ह्या आजाराची खूण म्हणतात, पण सुरुवातीला तो इतका शिस्तीत येईलच असं नाही. हे तुझ्यासाठी नाही, बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते. कुणाचं एकच मनगट महिनाभर सुजतं. कुणाचं आज खांदा, परवा गुडघा, चार दिवसांत सगळं गायब, महिन्याने परत, आणि गायब झालं की माणूस दवाखान्याची वेळ रद्द करतो. कुणाची रात्री बोटं बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकावे लागतात, कारण मनगटातल्या सुजेने नस दाबली जाते. आणि खूप जणींना सांध्यांच्याही आधी थकवा येतो, साधं दमणं नव्हे, फ्लू येऊन गेल्यावर असतो तसा, अंगात बारीक कणकण, जेवावंसं वाटत नाही, वजन उतरतं. तुझं चार किलोचं कौतुक करणाऱ्यांना नमस्कार कर, पण डॉक्टरांना ते पहिल्या पाच वाक्यांत सांग.

बारीकसारीक गोष्टींकडे पण बघ जरा. पदराला पिन लावता येते का, की मुलीला हाक मारावी लागते. टूथपेस्टची ट्यूब बोटांनी दाबतेस की तळव्याने. गॅसचा लायटर दोन्ही हातांनी दाबावा लागतो का. कुकरचं झाकण, लोणच्याच्या बरणीचं झाकण, ओलं फडकं पिळणं, मंगळसूत्राचा हूक. आपण बायका इतक्या हुशार असतो ना की न दुखता करायची दुसरी पद्धत शोधून काढतो आणि विसरून जातो की ही दुसरी पद्धत आहे.

माझंच सांगते. २०१० चा पावसाळा, मी तेव्हा शाळेत चौथीला शिकवायचे. खडू धरला की दोन बोटं नीट मिटायची नाहीत, फळ्यावरचं अक्षर तिरकं जायला लागलं, एका पोराने विचारलं पण, बाई आज घाईत आहात का? मी ४१ ची होते. आधी कॅल्शियम झालं, मग मनगटात एक इंजेक्शन झालं, मग एका ठिकाणी सांगितलं की पाळी जायचं वय जवळ आलंय, असं होतं, मग तिळाच्या तेलाचं मालीश, मग कुणी आंबट सोडायला सांगितलं, कुणी वांगं, कुणी तूरडाळ, मी सगळं सोडलं आणि बोटं आपली तशीच. आठ महिने गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने माझी रिपोर्टची जाडजूड फाईल बाजूला सारली आणि विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता? मी म्हटलं आंघोळ. ती म्हणाली, चहाच्या आधी? मी म्हटलं हो. का? आणि मला उत्तरच देता येईना, कारण तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की जन्मभर चहा घेतल्याशिवाय न हलणारी मी गेले कित्येक महिने आधी गरम पाण्याचे चार तांबे हातावर घेते आणि मग चहाचा कप उचलते. तिथंच रडायला आलं. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता बाहेरच्या बाजूला कललेली आहेत, ती कायमची. औषध सुरू झाल्यावर बाकी काही बिघडलं नाही, पण जे त्या आठ महिन्यांत गेलं ते गेलं.

तुझे तीन महिने झालेत. घाबरवायला सांगत नाहीये, पण युरोपातल्या संधिवाताच्या डॉक्टरांचा सल्ला असा आहे की सांधा सुजल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने बघावं आणि तीन महिन्यांच्या आत मूळ औषध सुरू व्हावं, कारण सुरुवातीच्या काही महिन्यांत आजार जितका सहज आटोक्यात येतो तितका पुढे येत नाही.

रिपोर्टचं म्हणशील तर, एक्स-रे नॉर्मल आला ही चांगलीच बातमी आहे, हाड अजून शाबूत आहे. पण एक्स-रेत हाड दिसतं, सुजलेलं अस्तर दिसत नाही, आणि हाडाची कड कुरतडली गेल्याचं दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून आता बरेच डॉक्टर सांध्यांची सोनोग्राफी करतात, त्यात सूज लवकर दिसते. युरिक ॲसिड तर आपल्याकडे कुणाचंही बोट दुखलं की काढतात. पाळी चालू असलेल्या बाईला गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) क्वचित होतो, आणि झाला तरी तो सहसा रात्रीतून एका पायाचा अंगठा लालबुंद करून येतो, दोन्ही हातांत तीन महिने असा रेंगाळत नाही. आणि हो, उद्या कुणी एएसओ नावाची टेस्ट करून ती वाढलीय म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करायला निघालं तर आधी थांब, ते घशाच्या इन्फेक्शननंतर होणाऱ्या रुमॅटिक फीव्हरचं प्रकरण आहे, बहुतेक मुलांमधलं, नाव सारखं वाटतं एवढंच.

आता आरए फॅक्टर. ह्या टेस्टचं नावच घोटाळ्याचं आहे, आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हटल्यावर कुणालाही वाटणार आरए नाही. पण आजार असलेल्या शंभर लोकांत साधारण ७०-८० जणांचीच ती पॉझिटिव्ह येते, आणि सुरुवातीला त्याहून कमी. उलट काही ठणठणीत माणसांची, विशेषतः म्हाताऱ्यांची, पॉझिटिव्ह येते, टीबी किंवा हिपॅटायटिस सी असेल तरी येते. त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो नाही आणि पॉझिटिव्ह आली म्हणून अडकलोही नाही. दुसरी एक असते अँटी-सीसीपी, ती पॉझिटिव्ह आली तर मात्र तिचं वजन जास्त, काही लोकांच्या रक्तात तर ती दुखणं सुरू व्हायच्या काही वर्षं आधीपासून सापडते. पण ती सुद्धा निगेटिव्ह असलेले आरएचे पेशंट असतात. सोबत ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे त्याचा अंदाज, ईएसआर मात्र नुसत्या ॲनिमियाने पण वाढतो.

मी मास्तरीण, म्हणून मार्कांत सांगते. २०१० साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाताच्या संघटनांनी मिळून दहा मार्कांचे निकष ठरवले, सहाला पास. त्यात सर्वात जास्त, पाचपर्यंत मार्क कशाला, तर कुठले आणि किती सांधे धरलेत त्याला, बारीक सांधे जितके जास्त तितके मार्क जास्त. रक्तातल्या त्या दोन टेस्टना मिळून जास्तीत जास्त तीन. ईएसआर-सीआरपीला एक. आणि सहा आठवडे किंवा जास्त चाललंय का, त्याला एक. म्हणजे डॉक्टरांनी तुझ्या हातापायांचा एकेक सांधा दाबून बघितल्याशिवाय निम्मा पेपर कोराच आहे! तुझा आत्तापर्यंत कुणी दाबून बघितलाय का? पत्रावरून तरी वाटत नाही. ही मार्कलिस्ट घरी बसून भरू मात्र नकोस, आधी दुसरे आजार बाजूला काढावे लागतात, मगच ती लागू होते.

दुसरे आजार म्हणजे, पहिला चिकुनगुन्या. हे सगळं सुरू व्हायच्या आधी ताप आला होता का, अंगावर पुरळ, दोन दिवसांत अंग धरून बसलं असं काही? २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती, आणि अजूनही तो अधूनमधून डोकं वर काढतोच. तो गेल्यावरही सांधे महिनोन्‌महिने हुबेहूब असेच दुखतात, सुजतात, सकाळी आखडतात. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं, पण ‘चिकुनगुन्याच असेल’ म्हणून घरी बसून ठरवायचं नाही, सूज टिकून असेल तर दाखवायचंच. थायरॉइड बघतील, सोरायसिस आहे का विचारतील (डोक्यात, कोपरावर खपल्या, नखांना खड्डे), केस गळणं, तोंड येणं, उन्हात चेहऱ्यावर लाली हे पण विचारतील, तुझ्या वयाच्या बाईत ते विचारायलाच हवं.

सासूबाईंचं वारं. हसू नकोस हां, त्यांचं निम्मं बरोबर आहे. कान बांधण्या-न बांधण्याचा काही संबंध नाही, पण बाळंतपणानंतर बायकांचे सांधे धरतात हे आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय आणि ते खरं आहे. गरोदरपणात हा आजार बऱ्याच जणींचा शांत राहतो आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात उसळतो, काहींना तर तेव्हाच पहिल्यांदा होतो. तुझं बाळ आठ महिन्यांचं असताना हे सुरू झालं, ती तारीख डॉक्टरांना नक्की सांग. घरात आई, मावशी, आत्या कुणाला असं होतं का ते पण विचारून ठेव.

आणि म्हाताऱ्यांना होतो म्हणजे काय, आपल्याकडे झिजेलाही संधिवात म्हणतात आणि ह्यालाही संधिवात, त्यातून हा घोळ झालाय. वैद्य लोक ह्या दुसऱ्याला साधारण आमवात म्हणतात. हा बहुतेकदा तिशी ते साठीच्या मधे सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण, जिथं लोक उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला जातात, तिथं १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी केली होती, त्यात ह्या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे हजार मोठ्या माणसांत पाचेक. सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती पाच लाखांच्या घरात, तूच गणित कर, तुझ्या डब्याच्या गिऱ्हाइकांत सुद्धा एखादी असेल.

पुडीबद्दल जरा रागावूनच बोलते. दोन दिवसांत जादू झाली ना, तीच खटकणारी गोष्ट आहे. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्याकडे नवी नाहीत, आणि स्टिरॉइडने असा एकदम फरक पडतो. चार पुड्यांवर थांबलीस, शहाणी आहेस. वाचणाऱ्यांपैकी कुणी आठवडेच्या आठवडे घेत असेल तर मात्र उद्यापासून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा, ते बघून कमी करतील. अनामिका, उरलेली पुडी टाकू नकोस, सोबत ने. आणि तपासणीच्या आधी ‘आज जरा बरं दिसू दे’ म्हणून घेऊ नकोस, सूज दबली तर डॉक्टरांना काय दिसणार.

पेनकिलरचंही तसंच, दुखणं दबतं, आतली सूज हाड खात राहते, आणि महिनोन्‌महिने घेतली तर किडनीवर जाते. कुठली, किती दिवस, शेवटची कधी घेतली, लिहून ने.

आता जायचं कुणाकडे. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा डॉक्टर. हाडांचा डॉक्टर वेगळा. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, तिथं चौकशी कर, कोल्हापूरला कर, बाहेरगावचे कुणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतात का तेही विचार. महिनाभर नंबर लागणार नसेल तर तोपर्यंत चांगल्या एमडी मेडिसिन डॉक्टरला दाखव, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे. शक्यतो सकाळचा पहिला नंबर घे, डबे एक दिवस बंद राहिले तर कुणी उपाशी मरत नाही. जायच्या आधी सात दिवस कॅलेंडरवरच लिही, किती वाजता उठले, किती वाजता पूर्ण मूठ वळली, कुठले सांधे, थर्मामीटर असेल तर संध्याकाळचा ताप. आणि मुठीचे ते फोटो. डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की ‘खूप दुखतं’ म्हणू नकोस, ‘पाचला उठते आणि सव्वाआठला मूठ वळते’ म्हण, बघ ते पेन खाली ठेवतात की नाही.

बाळ अंगावर पितंय हे आठवणीने सांग. ह्या आजारात सगळ्यात जास्त वापरतात ती मेथोट्रेक्सेट अंगावर पाजताना चालत नाही, दिवस राहायची शक्यता असेल तरी नाही, पण चालतील अशी दुसरी औषधं आहेत, डॉक्टर ती निवडतील. आणि पुढेमागे ती मिळालीच तर एक डोक्यात कोरून ठेव, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या एका वारी. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते. माझा गुरुवार आहे, कॅलेंडरवर लाल गोल.

एखादाच सांधा अचानक टम्म सुजला, गरम झाला आणि हुडहुडी भरून ताप आला तर ह्यातलं काहीही न करता त्याच दिवशी हॉस्पिटल, तो इन्फेक्शनचा प्रकार असू शकतो. डोळा लाल होऊन दुखला, दम लागला तरी थांबायचं नाही.

खाण्यापिण्याचं सोडायला सांगणारे खूप भेटतील. वांगं खाल्ल्याने हा आजार होत नाही, सोडल्याने जातही नाही. वजन उतरतंय, बाळाला पाजतेस, नीट जेव.

घरच्यांशी वाद घालत बसू नकोस. उद्या पहाटे नवऱ्याला उठव, म्हण चहा तू कर, माझ्याकडून लायटर दाबला जात नाही, आणि समोर उभी राहून दाबायचा प्रयत्न कर. कणीक काही दिवस त्या बाईला मळू दे, नाहीतर मळायचं छोटं मशीन मिळतं ते बघ, पहिल्या डब्याची वेळ तासभर पुढे ढकलता येत असेल तर ढकल.

आणि ती अंगठी. उद्याच काढ, पण दुपारी, सकाळी प्रयत्न करू नकोस. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धर, गार पाण्यात बुडव, साबण किंवा तेल लाव, फिरवत फिरवत ओढ. नाही निघाली तर सोनाराकडे जाऊन सरळ कापून घे, मी वाईट वाटतं म्हणून थांबले आणि बोट निळं पडल्यावर पळाले होते. निघाली की दुसऱ्या बोटात घालू नकोस, डब्यात ठेव. डॉक्टरांनी सांधे दाबून बघितले का, आणि काय म्हणाले, ते मला कळव.